ग्रंथाचे स्थान आणि संग्रहाची व्यापकता

ग्रंथसंग्रह कितपत सर्वसमावेशक आहे हे ठरविताना सामान्यतः ग्रंथांची विषयवार व भाषावार मोजदाद केली जाते. ही मोजदाद आवश्यक खरी. परंतु ती पुरेशी नव्हे. एखाद्या समाजाचे ग्रंथ संग्रहात विपुल असूनही, त्यांना दिलेल्या वर्गांकामुळे तो समाज वाचकापुढे एकाच संकुचित रूपात उभा राहू शकतो. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९१४ साली जेसी मूरलँड यांनी कृष्णवर्णीयांविषयीचा आपला खाजगी ग्रंथसंग्रह या विद्यापीठास अर्पण केला. १९३० मध्ये त्याची व्यवस्था डोरोथी पोर्टर यांच्याकडे आली. ड्यूई यांची दशांश पद्धती त्या काळी अमेरिकेत सर्वत्र रूढ होती. कृष्णवर्णीय लेखकांचे ग्रंथ, मग त्यांचा विषय कोणताही असो, ३२५ म्हणजे वसाहत अथवा ३२६ म्हणजे गुलामगिरी या वर्गांकांखाली घालण्याची प्रथा अनेक ग्रंथालयांत होती. जेम्स वेल्डन जॉन्सन यांची कवितादेखील त्यातून सुटली नाही, असे पोर्टर यांनी नमूद केले आहे. परिणाम असा, की काव्याच्या कपाटापाशी आलेल्या वाचकास हा कवी अस्तित्वातच नव्हता. पोर्टर यांनी ही प्रथा नाकारली आणि ग्रंथांची मांडणी लेखक व वाङ्मयप्रकार यांना अनुसरून केली. १९४६ मध्ये आर्थर स्पिंगार्न यांच्या संग्रहाची भर पडली. परंतु पोर्टर यांचे कार्य केवळ संख्यावृद्धीचे नव्हते; त्यांनी ग्रंथांना त्यांचे यथार्थ स्थान दिले, हे त्याचे खरे महत्त्व होय.

ड्यूई पद्धतीतील हा कल धर्मविषयक वर्गातही आढळतो. १८७६ साली सिद्ध झालेल्या या पद्धतीत २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्मास मिळाले. अन्य सर्व धर्म २९० या एका विभागात सामावले गेले. त्यामुळे हिंदू धर्म २९४.५, बौद्ध धर्म २९४.३ अशा दशांशांत विभागला गेला. भारतीय ग्रंथालयांना ही अडचण पदोपदी जाणवली. शि. रा. रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणाने भारतीय विषयांना अधिक प्रशस्त जागा दिली.

यावरून संग्रहाच्या परीक्षणाची दिशा स्पष्ट होते. ग्रंथ आहे काय, एवढे विचारून भागत नाही; तो कोणत्या वर्गांकाखाली आहे, कोणत्या ग्रंथांच्या शेजारी आहे, आणि प्रदर्शनाच्या मेजावर तो वर्षभर येतो की केवळ जयंतीपुरता, हेही पाहावे लागते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) जातिप्रश्नाच्या कपाटात ठेवले, तर ते एका समस्येचा पुरावा ठरते. मराठी आत्मचरित्रांत ठेवले, तर वाङ्मय ठरते. दोन्ही ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत नोंद मात्र एकच असते.