मुंगसाच्या शेपटीला गूस

आर्थर कॉनन डॉयल यांच्या 'द क्रुकेड मॅन' या १८९३ सालच्या गोष्टीत शेरलॉक होम्सला एका प्राण्याचं नाव सांगता येत नाही, पण प्राणी तो पुरता उभा करतो. खोलीत फक्त पावलांचे ठसे. पुढच्या आणि मागच्या पायांत पंधरा इंचांचं अंतर, चालताना टाकलेलं एकेक पाऊल मात्र जेमतेम तीन इंचांचं. म्हणजे अंग लांबुळकं, पाय आखूड. पडदा चढून कॅनरीच्या पिंजऱ्याकडे गेला, म्हणजे मांसाहारी. पुढे हिंदुस्थानातून परतलेला हेन्री वुड पेटाऱ्याचं दार उघडतो आणि वॉटसन क्षणात ओळखतो: मॉन्गूस! वुड सांगतो, कोणी असं म्हणतं, तर कोणी इकन्यूमन.

या एका संवादात इंग्रजीच्या दोन शब्दांची झुंज दिसते. इकन्यूमन ग्रीक, अर्थ 'माग काढणारा'. ईजिप्तच्या मुंगसासाठी रूढ झालेला, विद्वानांच्या पिढ्यांनी सांभाळलेला शब्द. त्याच्यासमोर मॉन्गूस, म्हणजे आपलं मुंगूस. आणि वॉटसनच्या तोंडी, म्हणजे सामान्य वाचकाच्या तोंडी, डॉयलनी मुंगूसच दिलं.

पण ते 'आपलं' म्हणायचं का, यावर वाद आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने निकाल तेलुगूच्या पदरात टाकला: मूळ शब्द 'मंगीसु' किंवा 'मुंगीस'. त्याच नोंदीत, जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाने 'मंगूस' हा शब्द दख्खनी आणि मराठी म्हणून दिल्याचंही नमूद आहे. निकाल मात्र बदलला नाही.

इथे कान लावून ऐकायला हवं. 'मुंगीस'मध्ये 'ग'ला ईकार, शेवटी उच्चारला जाणारा स्वर. कानडी 'मुंगुसी' जवळची, पण तिचा उकार ऱ्हस्व आणि शेपटीला इकार. मराठी शब्द मात्र दीर्घ 'गू'वर रेलतो आणि 'स'वर थांबतो: मुं-गूस. इंग्रज कानाला तिथे ओळखीचा 'गूस', म्हणजे हंस, ऐकू आला आणि स्पेलिंगमध्ये तो कायमचा जाऊन बसला. तेलुगू रूपातून हा हंस बाहेर काढायला बरीच खटपट करावी लागते. पोर्तुगीज 'मांगुस्तो' आणि फ्रेंच 'मांगूस्त' यांच्यातही उकारच आहे, इकार नाही; आणि पोर्तुगीजांचं ठाणं गोव्यात होतं.

शब्द इंग्रजीत छापून आणणाऱ्यांत अगदी सुरुवातीचा माणूस म्हणजे कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर. मुंगूस हा फेरेटचा नातलग, अशी ओळख त्याने इंग्रज वाचकाला करून दिली. १६७३ साली त्याचं जहाज आधी मच्छलीपट्टणम आणि मद्रासला लागलं, हा तेलुगूवाद्यांचा पक्का मुद्दा. पण त्याच वर्षअखेर तो मुंबईत उतरला, पुढे सुरत, जुन्नर, कारवार, गोवा असा वर्षानुवर्षं वावरला आणि पुस्तक निघालं १६९८मध्ये. किनाऱ्यावर थोडा काळ ऐकलेला शब्द टिकेल, की जुन्नरच्या वाटेवर रोज आडवा जाणारा?

मराठीतही तो शब्द द्राविडी शेजारातून आलेला असेल. संस्कृत नकुलाची वंशावळ तर वेगळ्याच दिशेने, हिंदी नेवल्याकडे जाते. पण इंग्रजीच्या दारात तो शेवटी कोणाच्या घरातून गेला, एवढाच प्रश्न आहे.

रुडयार्ड किपलिंगची 'रिक्की-टिक्की-टावी' हीसुद्धा १८९३ची. गोष्ट घडते बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीत. तिथला माळी त्या प्राण्याला नेवला म्हणेल, मुंगूस नव्हे. तरी किपलिंग लिहितो मॉन्गूसच. नाव घेतल्याबरोबर तो इंग्रज वाचकाच्या ओळखीचे तुकडे जोडतो: केस आणि शेपूट मांजरासारखी, डोकं आणि सवयी वीझलसारख्या. होम्सने ठशांवरून जे केलं, तेच किपलिंग केसांवरून करतो. वर्णन वाचकाच्या घरचं, नाव मात्र परक्या किनाऱ्यावरचं. पोराटोरांच्या तोंडी ते बसलं आणि इकन्यूमन शास्त्रीय नावांपुरता उरला.

हंस मात्र आत अडकून राहिला. गूसचं अनेकवचन 'गीस', म्हणून दोन मुंगसं दिसली की आजही इंग्रजी बोलणारा 'मॉन्गीस' म्हणू की काय, असा घुटमळतो. कोश सांगतात 'मॉन्गूसेस'.