बायोडाटातील फेरफार (नोकरी-मध्यस्थांकडून होणारा)

नोकरीच्या उमेदवाराने आपले शिक्षण, अनुभव, वेतन व अपेक्षा नमूद करून जो कागद मध्यस्थाच्या स्वाधीन केलेला असतो, त्यात त्या मध्यस्थाने तो मालकाकडे रवाना करण्यापूर्वी, उमेदवारास विचारून वा न विचारता, केलेली काटछाट, भर किंवा अदलाबदल. जळगाव व धुळे जिल्ह्यांत या मध्यस्थास ‘कन्सल्टन्सीवाला’, ‘प्लेसमेंटवाला’ किंवा नुसते ‘एजंट’ म्हणतात, आणि कागदाला बायोडाटा, सीव्ही, रिझ्युम ही तिन्ही नावे चालतात. हा फेरफार शुद्धलेखनाच्या दुरुस्तीपासून बनावट अनुभवापर्यंत कोणत्याही पायरीवर असू शकतो. परंतु जो विचारल्यावाचून केला जातो त्याच्या सर्व प्रकारांत बदल करणारा एक असतो आणि त्या बदलाचा जाब दुसऱ्यालाच द्यावा लागतो.

सर्वांत सार्वत्रिक व बहुधा निरुपद्रवी प्रकार म्हणजे उमेदवाराचा दूरध्वनी क्रमांक, ईमेल व पत्ता काढून त्या जागी मध्यस्थाचे नाव आणि क्रमांक छापणे. मालकाने उमेदवाराशी परभारे संधान बांधून दलाली बुडवू नये, हा त्यातील हेतू, आणि धंद्याच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. विस्कळीत मजकूर आटोपशीर करून मालकाच्या ठरावीक नमुन्यात बसविणे हा दुसरा प्रकार. येथे कुशल मध्यस्थ उमेदवाराचे खरोखरच भले करतो, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या प्रकारापासून प्रकरण बिघडू लागते. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणक चाळतो व कामाच्या वर्णनातील शब्द ज्यांत सापडतात ते अर्ज पुढे येण्याची शक्यता वाढते, म्हणून मध्यस्थ ते शब्द वर्णनातून उचलून बायोडाटात पेरतो. आणि मग महाविद्यालयात एखादी संगणकभाषा एका सत्रापुरती शिकलेला मुलगा त्या भाषेत निष्णात ठरतो, कंत्राटदाराच्या हाताखाली मदतनीस असलेला आयटीआयचा वायरमन पर्यवेक्षक होतो, दीड वर्षाचा अनुभव तीन वर्षांचा होतो, आणि आईच्या आजारपणात घरी काढलेले वर्ष, ज्यास या व्यवसायात ‘गॅप’ म्हणतात, दोन्ही बाजूंच्या नोकऱ्यांच्या तारखा ताणून बुजविले जाते. उलट दिशेचा फेरफारही होतो, पण त्याविषयी फारसे बोलले जात नाही: हलक्या पगाराच्या जागेवर उमेदवार ‘जास्त शिकलेला’ दिसू नये म्हणून त्याची पदव्युत्तर पदवी गाळली जाते, किंवा नोकरी सोडण्याची ९० दिवसांची मुदत ३० दिवसांची दाखविली जाते. अखेरच्या पायरीवर अस्तित्वातच नसलेल्या नोकरीचे अनुभवपत्र व पगारपत्रके तयार होतात. तेथे संपादनाचा प्रश्न उरत नाही, तो उघड कूटलेख होय.

या प्रवृत्तीचे मूळ मध्यस्थाच्या मोबदल्याच्या पद्धतीत आहे. भारतात मालकाकडून घ्यावयाच्या दलालीचा एक रूढ दर वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, असा आहे, आणि ही दलाली उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच मिळते. त्याने ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीन महिन्यांत, नोकरी सोडली तर मध्यस्थास दुसरा माणूस विनामूल्य द्यावा लागतो. शिवाय एकाच जागेसाठी अनेक मध्यस्थ धावत असतात आणि ज्याच्याकडून बायोडाटा प्रथम पोहोचला त्याचाच दलालीवर हक्क मानला जातो. साहजिकच कागद वाचून समजून घेण्यापेक्षा तो लवकर व ‘जुळता’ करून पाठविण्याकडे कल असतो, आणि उमेदवाराला फोन करून ‘हे असे लिहितो आहे, चालेल का?’ असे विचारण्यास लागणारी पाच मिनिटे नेमकी तीच असतात जी खर्चण्यास कोणी तयार नसतो. मुख्य कार्यालयातून आलेली मागणी जिल्ह्याच्या गावी असलेल्या उप-मध्यस्थाकडे जाते तेव्हा हाच कागद दोन-तीन हातांतून फिरतो, आणि अखेरचा बदल कोणी केला हे सांगणे अशक्य होते.

खानदेशात हा प्रश्न अधिक बोचरा होण्याची कारणे स्थानिक आहेत. बांभोरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आणि जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून चालू आहे; धुळे व शिरपूर येथेही अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या मोठ्या संस्था आहेत; आणि १९९० साली स्थापन झालेल्या व २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्या मानाने स्थानिक उद्योग, म्हणजे जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक पाइप, चटई व डाळ यांचे कारखाने, धुळ्याच्या अवधान व नरडाणा परिसरातील कारखाने, भुसावळ-वरणगावचे आयुधनिर्माण कारखाने, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र, यांतील जागा थोड्या. म्हणून पदवीधर पुणे-नाशिककडे आणि आयटीआय झालेला वा दहावी-बारावीवर थांबलेला मुलगा तापीकाठच्या जुन्या लोहमार्गाने सुरतेकडे जातो. या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी कधी कंपनीत अर्ज केलेला नसतो. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत मराठी आणि बायोडाटा मात्र इंग्रजीत, अशा स्थितीत एजंटने परत दाखविलेला मजकूर वाचूनही त्यातील अतिशयोक्ती ध्यानात येत नाही. आणि बहुधा तो परत दाखविलाच जात नाही. पुण्याचा रहिवासी मध्यस्थ बदलू शकतो, कंपनीच्या दारी स्वतः जाऊ शकतो, ओळखीच्या माणसाकडून चौकशी करू शकतो. पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या मुलाला हा एजंट हाच कंपनीकडे जाणारा एकमेव रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर आपल्या नावाने काय चालले आहे हे त्याला मुलाखतीच्या टेबलापाशी, परक्या माणसांसमोर, पहिला प्रश्न कानावर पडल्यावर कळते. त्या क्षणी तो खरे बोलला तर कागद खोटा पडतो व कागद सांभाळला तर स्वतः खोटा पडतो. प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. नोकरी न मिळणे हे त्यापुढे लहान नुकसान होय.

दुसऱ्याने दुसऱ्यासाठी लिहिणे ही वहिवाट या मुलखाला नवीन नाही, आणि तिच्यात स्वतः काही दोषही नाही. जुन्या दस्तऐवजात मजकुराखाली लेखकाचे नाव ‘बकलम’ म्हणून येई, कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटे, पुढील काळात तिची जागा डाव्या अंगठ्याने घेतली. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस अशिलाचे म्हणणे सरकारी भाषेत उतरवी, आणि जबाबाच्या शेवटी, मजकूर वाचून दाखविला व तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, अशी ओळ लिहून अंगठा घेण्याची रीत होती. या रीतीत लिहिणारा कोण आहे हे कागदावर उघड राही आणि ज्याच्या नावाने लिहिले त्याला मजकूर ठाऊक असे. आजच्या नोकरी-मध्यस्थाने पाठविलेल्या बायोडाटावर त्याचे नाव छापलेले असले तरी मजकूर कोणी बदलला व तो उमेदवाराला ठाऊक आहे का, याची एकही खूण आढळत नाही. पदवीप्रमाणपत्राची ‘सत्यप्रत’ राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने जोडण्याची जी पद्धत पुढे कित्येक दशके चालली ती उमेदवारांना जाचक होती यात संशय नाही, परंतु तिच्यामुळे मधल्या माणसाला हात घालण्यास वाव कमी राहत होता.

ज्यांच्याजवळ कागदच नाही अशा श्रमिकांच्या बाबतीत मध्यस्थाचा शब्द हाच बायोडाटा ठरतो, आणि खानदेशाचा अनुभव या बाबतीत दीर्घ आहे. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या परिसरात सहकारी साखर कारखानदारी वाढली तेव्हा ऊसतोडीसाठी धुळे व जळगाव जिल्ह्यांतून टोळ्या जाऊ लागल्या. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा जो अभ्यास केला त्यामुळे ‘खानदेशी’ तोडकऱ्यांची स्थिती विद्वज्जनांच्या नजरेस आली. येथे कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा तोडकऱ्याशी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाच्या हातून मिळते आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यामुळे त्या बाईचे नाव हिशेबात स्वतंत्रपणे येतच नाही. असाच मधला माणूस गिरण्यांतही होता. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव व धुळे येथे कापडगिरण्या होत्या. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे, आणि व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली, कारण या अधिकाराच्या जोरावर तो मजुरांकडून लाच उकळू शकत होता. यापूर्वीचे उदाहरण अधिक ठळक आहे: १८९३ मध्ये अरकाट्याच्या, म्हणजे मजूर-भरती करणाऱ्या दलालाच्या, जाळ्यात सापडून फिजी बेटात गेलेले तोताराम सनाढ्य ब्राह्मण असूनही त्यांची नोंद ‘ठाकूर’ अशी झाली, कारण मळेवाल्यांना मजूर म्हणून ब्राह्मण नको असत. मालकाला जो माणूस हवा तो कागदावर निर्माण करण्याचा उद्योग संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे.

या सर्वांच्या तुलनेत सेवायोजन कार्यालयाची रचना निराळी होती. रिक्त जागा कळविणे सक्तीचे करणाऱ्या १९५९ च्या कायद्याने ठरावीक आकाराच्या आस्थापनांना आपल्या जागा या कार्यालयास कळविणे भाग पाडले, आणि कार्यालय नोंदणीपटावरील नावे ज्येष्ठताक्रमाने पाठवी; त्यास दलाली नव्हती, म्हणून माणूस वाढवून दाखविण्यात त्याचा लाभही नव्हता. त्याचे दोष सर्वश्रुत आहेत: नोंदणी कार्डाचे नूतनीकरण करीत तारुण्य संपलेली माणसे जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत भेटतात. कार्यालयाचे रूपांतर आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात होऊन नोंदणी ‘महास्वयं’ संकेतस्थळावर गेली आहे. पण ज्या मध्यस्थाला उमेदवाराच्या निवडीत आर्थिक स्वारस्य नाही असा मध्यस्थ असू शकतो, हे त्याने दाखवून दिले होते.

कायद्याची स्थिती तुटक आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणी बंधनकारक असून उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये (अधिक कर) अशी मर्यादा आहे. आखाती देशांत जाणाऱ्या गवंडी, वेल्डर, चालक यांच्या बाबतीत धंदा व अनुभव बदलून लिहिला गेल्यास तो माणूस तेथे पोहोचल्यावर न येणारे काम त्याच्या गळ्यात पडते आणि परतीचे तिकीट स्वतःच्या खर्चाने काढावे लागते, म्हणून ही नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळून पाहणे अत्यावश्यक आहे. देशांतर्गत खासगी नोकरी-मध्यस्थांसाठी असा व्यापक परवाना-कायदा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात श्रमिकाकडून शुल्क न घेण्याचे व त्याच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण करण्याचे तत्त्व आहे, परंतु भारताने तो करार स्वीकारलेला नाही. बनावट दस्तऐवज व फसवणूक यांना १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होते. या विषयास सर्वांत जवळचा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम: ज्या माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्या संस्थेस दिली जाणार आहे, ती पूर्ण, अचूक व सुसंगत ठेवण्याचे कर्तव्य तो माहिती हाताळणाऱ्यावर टाकतो आणि त्या व्यक्तीस दुरुस्तीचा हक्क देतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यावयाची आहेत.

फेरफार उघडकीस येण्याचे मार्ग मात्र कायद्याच्या पुढे गेले आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदास २०१४ पासून मिळणाऱ्या एकाच कायम क्रमांकाखाली पूर्वीच्या मालकांची नावे व रुजू झाल्या-सोडल्याच्या तारखा दिसतात. प्राप्तिकराच्या नोंदीतून पगार कळतो. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रासाठी नॅसकॉमच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेली नॅशनल स्किल्स रजिस्ट्री आहे. आणि पडताळणी करणाऱ्या संस्था थेट जुन्या कंपनीस विचारतात. पडताळणी रुजू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण झाली तर कामावरून काढले जाण्याचा शिक्का उमेदवाराच्या नावावर बसतो. मध्यस्थाला फार तर दुसरा माणूस विनामूल्य द्यावा लागतो किंवा दलाली परत करावी लागते. ‘मी असे लिहिले नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात त्या मुलावरच पडतो, आणि त्यासाठी त्याच्याजवळ मूळ प्रत व ती पाठविल्याचा पुरावा असेल तरच त्याचे ऐकले जाते.

म्हणून बायोडाटा वर्डच्या फायलीऐवजी पीडीएफमध्ये, तारीख घालून आणि व्हॉट्सॲपऐवजी ईमेलने द्यावा. ‘मला दाखविल्यावाचून मजकूर बदलू नये व पाठविलेली प्रत मलाही पाठवावी’ ही ओळ त्याच ईमेलमध्ये लिहावी. कोणत्या कंपनीत व कोणत्या जागेसाठी कागद गेला हे विचारून टिपून ठेवावे. आणि मुलाखतीस जाताना स्वतःची प्रत बरोबर न्यावी. पुष्कळ कंपन्या मुलाखतीपूर्वी उमेदवाराकडून छापील माहितीपत्रक स्वहस्ते भरून घेतात व ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ या ओळीखाली सही मागतात. एजंटने काहीही लिहिलेले असो, हे पत्रक स्वतःच्या खऱ्या तारखांनी, खऱ्या पगाराने व खऱ्या कामाने भरावे, आणि मजकुरात तफावत आढळल्यास ती मुलाखत घेणाऱ्यांना स्वतः होऊन, प्रश्न येण्यापूर्वी, सांगावी.