मुरलीकांत पेटकर : जखमी जवान ते सुवर्णपदक
मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा. लष्कराच्या ईएमई दलात ते जवान होते, बॉक्सिंगही करायचे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचा भाग लुळा पडला आणि शिपाईगिरी संपली. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला या स्पर्धेतलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी मिळाली.

आम्ही जरीपटक्यात राहतो. कामठीची लष्करी छावणी इथून जवळच. आपल्या मोहल्ल्यातही तब्येतीमुळे फौजेतून घरी परतलेले कुणी असतील. त्यांची विचारपूस करायला आपण तरी इतका उशीर लावू नये.