मालीश, तालमीतील

मालीश, तालमीतील : कसरतीनंतर पैलवानाचे अंग तेल लावून रगडण्याची, चेपण्याची व सांधे मोकळे करण्याची रीत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात यात्रा-जत्रांतील कुस्त्यांचे हगामे अजून भरतात, म्हणून ही रीतही टिकून आहे. २०२५ ची एक महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा अहिल्यानगर शहरातच झाली. तीत पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला.

जोर-बैठका आणि लढती आटोपल्या, घाम निवला, की जोडीदार एकमेकांचे अंग रगडतात. पैलवान पालथा निजतो. पोटऱ्या, मांड्या, कंबर, खांदे असा हात फिरतो. जाड स्नायूंवर कोपर रोवतात, तर हलक्या वजनाचा पोरगा भिंतीला धरून पाठीवर उभा राहतो. शेवटी हातपाय ताणून, फिरवून सोडतात. कुस्तीला उतरताना मात्र तेल चालत नाही. मॅटवर तेलकट अंगाला नियमानेच मज्जाव आहे आणि मातीत पकड बसावी म्हणून पैलवान आधी अंगाला माती चोळतो.

व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन करावे, असे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात आले आहे. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा, हा इशाराही तिथेच आहे.

मालिशीने ‘साचलेले ॲसिड निघून जाते’ ही तालमीतली समजूत चुकीची. लॅक्टिक आम्ल तासाभरात आपोआप निवळते. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते ते स्नायुतंतूंना बसलेल्या सूक्ष्म इजेमुळे. मालिशीने ही ठणक थोडी उतरते, सांधे सैल होतात. ताकद वाढत नाही. नुसत्या ताणाच्या व्यायामाने ठणक फारशी कमी होत नाही. कसरतीआधी एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर काही वेळ जोरही किंचित घटतो. म्हणून आधी हालते-फिरते ताण, स्थिर ताण नंतर, हा क्रम बरा.

जिल्ह्यात लोणी येथे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, तर अहिल्यानगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय. तरीही उसण भरली किंवा पाय मुरगळला की गावात पहिली हाक अजून तालमीच्या वस्तादालाच जाते. साध्या आखडलेल्या अंगाला ते चालते. पण ताजी सूज, हाड मोडल्याची शंका, अंगात ताप किंवा एकाच पोटरीला अचानक आलेली सूज असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पोटरीत रक्ताची गुठळी असल्यास ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते.