डांबरगोळी, कोळसा आणि हिटलरचे पेट्रोल

१/ पेट्रोलमध्ये दर १० कार्बन अणूंमागे हायड्रोजनचे सुमारे २० अणू असतात. दगडी कोळशात जेमतेम ८. ही तूट भरून काढली की कोळशापासून अल्केनयुक्त इंधन मिळते. विसाव्या शतकात या तुटीने राष्ट्रांची धोरणे ठरवली.

२/ जर्मनीकडे कोळसा विपुल, खनिज तेल मात्र नगण्य. १९१३ च्या सुमारास फ्रीड्रिख बेर्गियुस यांनी कोळशाची भुकटी जड तेलात कालवून, प्रचंड दाबाखाली तिला हायड्रोजन देण्याची पद्धत शोधली. १९३१ मध्ये त्यांना कार्ल बॉश यांच्यासह नोबेल मिळाले.

३/ अडचण सूक्ष्म होती. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला कोळशाचे रेणू तुटतात. तुटलेल्या तुकड्यांना तत्क्षणी हायड्रोजन मिळाला नाही, तर ते एकमेकांना चिकटतात आणि हाती उरतो निरुपयोगी कोक.

४/ येथे द्रावक कामी येतो. टेट्रालिनचा एक रेणू हायड्रोजनचे ४ अणू देऊन स्वतः नॅप्थलीन बनतो. कपड्यांच्या कपाटातील डांबरगोळीचे नॅप्थलीन ते हेच! त्याला पुन्हा हायड्रोजन दिला की टेट्रालिन परत तयार.

५/ आल्फ्रेड पॉट आणि हान्स ब्रोखे यांनी याच गुणावर आपली पद्धत उभारली. रूर खोऱ्यातील वेलहाइमच्या कारखान्यात टेट्रालिनयुक्त मिश्रणात कोळशाचा बहुतांश भाग विरघळवला जाई.

६/ परंतु द्रावक केवळ मध्यस्थ. त्याने दिलेला हायड्रोजन त्याला परत मिळवून द्यावाच लागतो. तो कोक आणि वाफेपासून बनवला जाई, म्हणजे त्यासाठीही कोळसाच खर्ची पडे. हे पेट्रोल आयात तेलाहून महाग पडे. डिसेंबर १९३३ मध्ये नाझी सरकारने आय. जी. फार्बेन कंपनीला लॉयना येथील पेट्रोलसाठी किमतीची हमी दिली. बाजारात न टिकणारा उद्योग युद्धाच्या तयारीसाठी पोसला गेला. पुढे त्यात वेठबिगारही राबवले गेले.

७/ १२ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी लॉयनासह अनेक इंधन कारखान्यांवर बॉम्ब टाकले. हल्ले सुरूच राहिले. इंधनाअभावी जर्मन विमाने जमिनीवर खिळली.

८/ १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत हेच तत्त्व पुन्हा आठवले. टेक्सासमधील बेटाउन येथे एक्सॉनचा दररोज २५० टन कोळशाचा प्रायोगिक प्रकल्प १९८० मध्ये सुरू झाला. पुढे तेल स्वस्त झाले आणि ती वाटही मागे पडली.

९/ रसायनशास्त्राने मार्ग दाखवला होता. त्याची किंमत कोणी, कशासाठी मोजायची, हे मात्र प्रत्येक वेळी राजकारणाने ठरवले.