सायकल आपण सोडली की रस्त्याने सोडायला लावली?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला “रोज अर्धा तास चाला” असे सांगितले की यवतमाळात हमखास उलटा प्रश्न येतो, “चालू हो डॉक्टर, पण कुठे?” हा बहाणा नाही. चालणे आणि सायकल यांचा इतिहास पाहिला तर प्रश्न अगदी योग्य आहे.

मुळात हा सल्ला आला कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढू लागला, तेव्हा डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला. वाहक मात्र तिकिटे देत जिन्यावरून वर-खाली, रोज शेकडो पायऱ्या. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: वाहकांना हृदयविकार कमी होतो. टपाल वाटणारे पोस्टमन आणि कचेरीतले कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या पँटची कंबर मोठी निघाली! म्हणजे थोडा फरक शरीरयष्टीचाही असू शकतो. पण नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला. स्वतः मॉरिस 99 वर्षे जगले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वाहक ‘व्यायाम’ करत नव्हते, नोकरी करत होते. आपल्याकडे हीच हालचाल सायकल करून घेत असे. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक, सगळे सायकलवर. मग लुना आणि स्कूटर आल्या (त्याही पुण्याच्याच कंपन्यांच्या), शहर पसरले, कामाची ठिकाणे लांब गेली आणि वेगवान गाड्यांच्या गर्दीत सायकलवाल्याला भीती वाटू लागली. 2006 नंतर बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकल मार्ग बांधले गेले. पण मध्येच खांब, मध्येच उभी केलेली गाडी, आणि जिथे धोका सर्वाधिक त्या चौकात मार्गच गायब. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण आणि 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. दोन्ही चांगले आहेत. तरी माझ्या मते तुकड्यातुकड्यांचा मार्ग म्हणजे अर्धवट घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स.

नेदरलँड्समध्येही मोटारींनी सायकली मागे रेटल्या होत्या. 1971 मध्ये तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून जास्त मुले. आईवडील रस्त्यावर उतरले, 1973 मध्ये तेलटंचाईही आली, आणि सरकारने सलग, वेगळे सायकल मार्ग बांधायला घेतले. तिथली सायकल संस्कृती अशी भांडून परत मिळवलेली आहे.

यवतमाळची जमेची बाजू म्हणजे अंतरे. दत्त चौकापासून शहराचा बराचसा भाग चार-पाच किलोमीटरांत येतो, म्हणजे सायकलने साधारण वीस-पंचवीस मिनिटे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना सायकली मिळतात, आपल्या जिल्ह्यातही. शाळा सुटू नये म्हणून सायकल दिली, हे उत्तमच. पण ट्रक आणि एसटीच्या शेजारून जाताना त्या मुलीला डांबराची हातभर कड तरी मिळते का? नगर परिषदेकडे मागायचेच असेल तर आधी शाळांभोवतीचे रस्ते आणि बसस्थानकापासून बाजारापर्यंत न तुटणारा फुटपाथ मागा. मोठे प्रकल्प नंतर.

तोवर आपल्यापुरते: प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे दमदार चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. मे महिन्यात सकाळी सातच्या आत आटपा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर ठेवा, आणि चालताना छातीत दडपण आले तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठा.