जीर्ण वय, अरण्यवास आणि आचऱ्याची गावपळण

मालवण तालुक्यातील आचरा गावी साधारणतः दर चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल मिळाला की ३ दिवस व ३ रात्री अवघे गाव, गुराढोरांसह, वेशीबाहेर राहुट्यांत राहते. शेजारच्या चिंदर गावीही ही चाल आहे. त्या दिवसांत गावात भुताखेतांचा वावर असतो, अशी एक समजूत सांगतात. भूमीला विसावा मिळतो, ही दुसरी उपपत्ती. पहिली बौद्ध वाचक नाकारील, हे योग्यच. दुसरी आम्हांस मागाहून जोडलेली वाटते. आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. घर सोडून झाडाखाली जाणाऱ्या या लोकांत वृद्धही असतात.

वार्धक्यात अरण्य सोडावे की धरावे, हा प्रश्न संयुत्तनिकायातील जिण्णसुत्तात प्रत्यक्ष आला आहे. राजगृहाच्या वेळुवनात भगवान महाकस्सपांना म्हणतात की, तू आता जीर्ण झालास, ही तागाची पांसुकूल वस्त्रे तुला जड होतात. गृहस्थांनी दिलेली चीवरे घे, निमंत्रणाचे भोजन घे, माझ्याजवळ राहा. ही आज्ञा नव्हे, वडीलधाऱ्याची काळजी आहे. कस्सप नम्रपणे नकार देतात. कारणे दोन: याच जीवनातील आपला सुखविहार आणि पुढील पिढ्यांविषयीची अनुकंपा. भगवान त्यांना अनुमोदन देतात.

हा सुखविहार कसला, ते थेरगाथेतील कस्सपांच्या गाथांत दिसते. भिक्षाटन आटोपून थेर डोंगर चढतात. निळ्या ढगांसारखे कडे, निर्मळ थंड पाणी, मोरांचे व हत्तींचे आवाज यांत त्यांचे मन रमते. मात्र एकाग्र चित्ताने धम्म पाहण्याचा आनंद ते वाद्यसंगीताहून श्रेष्ठ मानतात, हे निसर्गवर्णनावर लुब्ध होणारे अभ्यासक पुष्कळदा विसरतात.

कृतज्ञतेचा धागा पेतवत्थूत सापडतो. तेथील अंकुराच्या कथेत, ज्या वृक्षाच्या सावलीत बसलो त्याची फांदी मोडणे हा मित्रद्रोह ठरविला आहे. वृक्षाला येथे मित्र म्हटले आहे, पूज्य देव नव्हे. पालि ‘कतञ्ञुता’ म्हणजे केलेले उपकार जाणणे. त्यास भयाची गरज नाही.

आचऱ्याच्या वेशीबाहेर रात्री भजने होतात, फुगड्या रंगतात. नातवंडांसोबत उघड्यावर राहणाऱ्या आजीला तेथे कस्सपांचा सुखविहार लाभत नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कस्सपांना भगवंतांनी विहारात राहण्याची मुभा दिली होती आणि त्यांनी अरण्य निवडले. आचऱ्यात कौल झाल्यावर घरी राहण्याची मुभा त्या आजीला कोण देतो?